रहस्यकथांच्या ऑडिओमालिका: कुठून सुरू कराव्यात, कोणत्या क्रमाने ऐकाव्यात?

कानसेन

ऑडिओबुकच्या ॲपवर एखादी गुप्तहेर मालिका शोधली की सगळ्यात वर दिसतं ते बहुधा ताजं, नाहीतर सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक. पहिला भाग खाली कुठेतरी दडलेला असतो. छापील पुस्तकात निदान आधीच्या भागांची यादी असते, शंका आली तर चार पानं मागे जाता येतं. कानांना ती सोय नाही. एखाद्या पात्राने बोलता बोलता जुन्या खटल्यातल्या खुन्याचं नाव घेतलं की ते जुनं पुस्तक हातचं गेलं.

म्हणून हा धागा. मालिका कोणती, ऐकायचा क्रम काय आणि तोच क्रम का, एवढं लिहा. खुनी कोण हे कुणीही लिहायचं नाही, आडूनही नाही.

माझं मत आधीच मांडतो. शंका असेल तिथे मूळ भाषेतला प्रकाशनक्रम धरावा. कथेत घडणाऱ्या सालांप्रमाणे लावलेला क्रम दुसऱ्यांदा ऐकणाऱ्यांसाठी असतो. लेखक मागाहून 'आधीची' कथा लिहितो तेव्हा वाचकाला पुढचं ठाऊक आहे असं धरूनच लिहितो.

मालिका हाती घेण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे ते बघा. काहींमध्ये प्रत्येक खटला सुटा असतो, तिथे क्रमाची फिकीर नको. काहींमध्ये खटले सुटे, पण नायकाचं घरदार आणि नोकरी पुढे सरकत राहते. तिथे क्रम पाळला तर मजा वाढते. तिसरी जात धोक्याची. तिथे एका पुस्तकात मिटलेला खटला पुढच्यात पुन्हा उघडतो.

ॲपवरच्या तारखेवर अजिबात विसंबू नका. ती बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण आलं त्या दिवसाची असते. १९३० च्या पुस्तकापुढे २०१५ दिसतं ते त्यामुळे. मालिकेच्या पानावर 'भाग ०.५' असेल तर ती मागाहून लिहिलेली छोटी पूर्वकथा असते, ती आधी ऐकायची गरज नाही. 'भाग १-३' म्हणजे संच. तो आणि सुटे भाग दोन्ही घेतले तर त्याच पुस्तकाचे पैसे दोनदा जातात.

बेकर गल्ली

होम्सपासून सुरुवात करू. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. प्रकाशनक्रम असा: 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७), 'द साइन ऑफ फोर' (१८९०), मग 'ॲडव्हेंचर्स' आणि 'मेमॉयर्स' हे दोन कथासंग्रह, 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२), 'रिटर्न' (१९०५), 'द व्हॅली ऑफ फिअर' (१९१५), 'हिज लास्ट बो' (१९१७) आणि शेवटी 'केस-बुक' (१९२७).

हाच क्रम धरा. 'हाउंड'ची कथा 'मेमॉयर्स'च्या शेवटच्या कथेच्या आधी घडते, म्हणून काही याद्या ती आधी सरकवतात. तसं करू नका. 'मेमॉयर्स' जिथे संपतं, त्यानंतर लेखकाने आठेक वर्षं होम्सला हात लावला नव्हता. 'हाउंड' ऐकताना ही पोकळी मागे असेल तर तिची खुमारी वेगळीच.

'व्हॅली ऑफ फिअर'मध्ये वॉटसनला होम्सचा वैरी मोरियार्टी चांगला ठाऊक आहे. आधी लिहिलेल्या 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये त्याने हे नाव ऐकलेलंही नसतं. कालक्रमवाल्या याद्या इथे अडखळतात कारण लेखकानेच मेळ घातलेला नाही. ती आपली डोकेदुखी नव्हे.

आता फक्त ऐकणाऱ्यांना भेडसावणारी गोष्ट. 'स्टडी इन स्कार्लेट'ची प्रकरणं १४. सातव्याच्या शेवटी गुन्हेगार पकडला जातो आणि आठवं सुरू होतं ते थेट अमेरिकेतल्या ओसाड वाळवंटात. ना होम्स, ना वॉटसन, ना लंडन. फाईल चुकली असं वाटून लोक ऐकणं थांबवतात किंवा पुढे उडी मारतात. फाईल बरोबर असते. ८ ते १२ ही पाच प्रकरणं पूर्वकथा आहेत, तेराव्यात वॉटसन परत येतो. 'व्हॅली ऑफ फिअर'चा दुसरा भागही असाच अमेरिकेतल्या कोळसाखाणींकडे जातो, आणि तो खूपच लांब आहे. माझ्या मते पहिल्यापेक्षा सरसही.

'केस-बुक'मधल्या 'द ब्लांच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन' या दोन कथा होम्स स्वतः सांगतो. निवेदकाने सूर बदलला तर दचकू नका.

निळी शाई

वर एक भर. 'मेमॉयर्स'मध्ये कुठे ११ कथा असतात, कुठे १२. फरक 'द कार्डबोर्ड बॉक्स' या कथेचा. नियतकालिकात ती बाकीच्या कथांबरोबर छापून आली, पण ब्रिटिश पुस्तकातून वगळली गेली आणि पुढे 'हिज लास्ट बो'मध्ये गेली. म्हणून तिथेही कुठे ७, कुठे ८. एका निर्मात्याचं 'मेमॉयर्स' आणि दुसऱ्याचं 'लास्ट बो' घेतलं तर ही कथा दोनदा तरी येते, नाहीतर दोन्हीकडून निसटते. डाउनलोड करण्याआधी कथांची नावं मोजा.

दुसरं म्हणजे, ही कथा वगळली तेव्हा तिच्या सुरुवातीचा, होम्स वॉटसनच्या मनातलं ओळखतो तो प्रसंग उचलून 'द रेसिडेंट पेशंट'मध्ये चिकटवला गेला. काही आवृत्त्यांत तो दोन्हीकडे आहे. तोच संवाद पुन्हा कानावर आला तर तो ॲपचा दोष नाही.

अख्खा होम्स एकाच आवाजात हवा असेल तर स्टीफन फ्रायने २०१७ मध्ये ऑडिबलसाठी वाचलेला संच सुमारे ७२ तासांचा आहे. फुकटात हवा असेल तर लिब्रिवॉक्स, म्हणजे स्वयंसेवकांनी वाचलेल्या जुन्या पुस्तकांचं संकेतस्थळ. लिब्रिवॉक्सवर एकाच पुस्तकाची चार-पाच ध्वनिमुद्रणं असतात, त्यांतलं एकट्याने वाचलेलं निवडा. सामूहिक वाचनात दर प्रकरणाला आवाज बदलतो, आणि रहस्यकथेत ते फार खटकतं.

रातकिडा

अगाथा ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो. ३३ कादंबऱ्या, वर पन्नासाहून अधिक कथा. सगळं क्रमानेच ऐकायला हवं असं नाही, बहुतेक खटले सुटे आहेत. पण काही गाठी अशा आहेत की त्या चुकल्या तर नुकसान कायमचं.

पहिली गाठ: 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' (१९२०) सगळ्यात आधी आणि 'कर्टन' (१९७५) सगळ्यात शेवटी. 'कर्टन' लिहून झालं होतं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, पण ते बाजूला ठेवलं गेलं. कथा त्याच स्टाइल्सच्या घरात परत येते. मधली किमान दहा-बारा पुस्तकं ऐकल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दुसरी गाठ: 'डम्ब विटनेस' (१९३७). यात पॉयरो बोलण्याच्या ओघात जुन्या चार खटल्यांतल्या गुन्हेगारांची नावं घेऊन मोकळा होतो. ती चार पुस्तकं म्हणजे 'स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६), 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' (१९२८) आणि 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५). चारही आधी संपवा.

तिसरी गाठ: 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६). यात 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चा (१९३४) उलगडा एका वाक्यात फुटतो. इतकं सहज येतं की ऐकताना सुटलं तर तुमचं नशीब.

चौथी गंमत आहे, धोका नाही. 'मर्डर इन मेसोपोटेमिया' १९३६ चं, पण त्याच्या शेवटी पॉयरो घरी परतायला ओरिएंट एक्स्प्रेस पकडतो. म्हणजे कथेच्या हिशेबाने हे आधीचं. तरी 'ओरिएंट एक्स्प्रेस'च आधी ऐका. तसंच 'एबीसी मर्डर्स'मध्ये पॉयरो आपल्याला आवडेल अशा खुनाचं वर्णन करतो, आणि त्याच वर्षीच्या 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये तोच खून समोर येतो. हे दोन लागोपाठ ऐकायला मजा येते.

'रॉजर ॲक्रॉइड'ची संक्षिप्त आवृत्ती चुकूनही घेऊ नका. का, ते पूर्ण ऐकल्यावर कळेलच.

पाटीपेन्सिल

@रातकिडा, वाचनखूण साठवली. दोन शंका. एक, कथासंग्रह नेमके कुठे बसवायचे? दोन, एकाच पुस्तकाची दोन नावं दिसतात त्याचं काय? 'फ्यूनरल्स आर फेटल' नावाचं एक दिसतंय, ते तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

रातकिडा

'फ्यूनरल्स आर फेटल' हे 'आफ्टर द फ्यूनरल'चं (१९५३) अमेरिकी नाव. वेगळं पुस्तक नाही. अशा जोड्या बऱ्याच आहेत. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजे 'थर्टीन ॲट डिनर', 'डम्ब विटनेस' म्हणजे 'पॉयरो लूझेस अ क्लायंट', 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट', 'टेकन ॲट द फ्लड' म्हणजे 'देअर इज अ टाइड'. 'ओरिएंट एक्स्प्रेस' तर अमेरिकेत आधी 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणून आलं. मिस मार्पलचं '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' तिकडे 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' झालं. ॲपवरचं नाव अनोळखी वाटलं तर पैसे भरण्याआधी पात्रांची नावं ताडून बघा.

संग्रहांचं म्हणाल तर 'पॉयरो इन्व्हेस्टिगेट्स' (ब्रिटिश संग्रहात ११ कथा, अमेरिकीत १४) पहिल्या दोन कादंबऱ्यांनंतर लगेच. 'पॉयरोज अर्ली केसेस' १९७४ चा आहे म्हणून शेवटी ठेवू नका. त्यातल्या १८ पैकी बहुतेक कथा १९२३ च्या सुमारास छापून आलेल्या. त्या 'इन्व्हेस्टिगेट्स'च्या जोडीला ठेवा. 'लेबर्स ऑफ हर्क्युलिस' (१९४७) जागच्या जागी.

ख्रिस्तीबाईंचीच दुसरी गुप्तहेर मिस मार्पल, तिच्या कादंबऱ्या १२. क्रमाची खरी सक्ती एकाच जोडीला: 'अ कॅरिबियन मिस्टरी' (१९६४) आधी, 'नेमेसिस' (१९७१) नंतर. दुसरं पहिल्यातल्याच एका माणसाच्या पत्रावरून सुरू होतं. 'स्लीपिंग मर्डर' १९७६ मध्ये, लेखिकेच्या निधनानंतर आलं, म्हणून त्याला मार्पलचं 'कर्टन' समजतात. तसं ते नाही. तेही चाळीसच्या दशकातलं लिखाण आहे आणि त्यातली मार्पल 'नेमेसिस'मधल्यापेक्षा चांगलीच टुणटुणीत आहे. मध्ये कुठेही ऐका.

घड्याळजी

क्रम कळला तरी फाईल उलटसुलट वाजतात, त्याबद्दल लिहितो. ॲपमध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांनी हा प्रतिसाद ओलांडला तरी चालेल. लिब्रिवॉक्सवरून उतरवलेलं किंवा जुन्या सीडींवरून काढलेलं ऐकणाऱ्यांसाठी आहे.

प्लेयर दोनपैकी एका गोष्टीवरून क्रम लावतो: फाईलचं नाव, नाहीतर फाईलच्या आतल्या टॅगमधला ट्रॅक क्रमांक. दोन्ही बरोबर नसतील तर कधी ना कधी फसगत होणारच.

नावात नुसते १, २, ३ घातले तर अनेक प्लेयर १, १०, ११, १२ आणि मग २ असं वाजवतात, कारण ते डावीकडून एकेक अक्षर ताडतात. उपाय म्हणजे पुढे शून्यं. शंभराच्या आतल्या फाईलींना ०१, त्याहून जास्त असतील तर ००१. मालिकेच्या फोल्डरलाही तसंच, म्हणजे '०१ स्टाइल्स', '०२ लिंक्स' (पॉयरोची दुसरी कादंबरी, 'मर्डर ऑन द लिंक्स').

सीडींचा घोळ निराळा. आठ सीडींचं पुस्तक एका फोल्डरात ओतलं की प्रत्येक सीडीचा ट्रॅक ०१ आधी वाजतो, मग आठही ट्रॅक ०२. गोष्ट आठ ठिकाणी एकदम पुढे सरकते. टॅगमध्ये डिस्क क्रमांक असला तरी बरेच साधे प्लेयर तो बघतच नाहीत. एमपी३टॅग नावाच्या मोफत प्रोग्रामात सगळ्या फाईल योग्य क्रमाने निवडा, आपोआप क्रमांक देणारा विझार्ड चालवा, सलग १ ते शेवटपर्यंत ट्रॅक क्रमांक द्या आणि मग टॅगवरून फाईलचं नाव बदला. अल्बमच्या जागी पुस्तकाचं नाव प्रत्येक फाईलमध्ये अक्षरशः तेच हवं. एका फाईलमध्ये शेवटी जास्तीचा स्पेस राहिला तरी पुस्तकाचे दोन तुकडे होतात.

मराठी नावं देणाऱ्यांनी अंकांकडे लक्ष द्या. काही फाईलींना देवनागरी अंक आणि काहींना इंग्रजी अंक दिलेत तर दोन वेगळे गठ्ठे पडतात. अक्षरांच्या संकेतांकांत इंग्रजी अंक सगळ्यांच्या आधी, मग देवनागरी अक्षरं आणि देवनागरी अंक त्यांच्याही मागे. त्यामुळे 'प्रस्तावना' नावाची फाईल इंग्रजी अंकांच्या नंतर, पण देवनागरी अंकांच्या आधी येते. एकच पद्धत धरा आणि प्रस्तावनेलाही ०० क्रमांक द्या.

गाडीतल्या पेनड्राइव्हची तऱ्हा आणखी न्यारी. कित्येक कार स्टिरिओ नाव बघत नाहीत आणि टॅगही बघत नाहीत. ज्या क्रमाने फाईल ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. संगणकाने कॉपी करताना क्रम फिरवला की गाडीत पाचवं प्रकरण आधी. ड्राइव्ह फॉरमॅट करून एकेक पुस्तक क्रमाने कॉपी करा. लिनक्सवाल्यांना ड्राइव्हवरचा क्रम लावून देणारा फॅटसॉर्ट हा प्रोग्राम आहे. देवनागरी टॅग गाडीत चौकोन चौकोन दिसत असतील तर टॅगची आवृत्ती २.४ ऐवजी २.३ करून बघा, जुन्या यंत्रांना ती मानवते.

जागेचा हिशेब: ६४ केबीपीएसला (हे ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचं माप) तासाला सुमारे २९ एमबी, १२८ ला ५८. नुसत्या वाचनाला ६४ पुरतात. अख्खा होम्स २ जीबीच्या आसपास बसतो.

कानसेन

घड्याळजी, दंडवत. एक जोडतो: प्रकरणं असलेली एकच एम४बी (ऑडिओबुकसाठीचा प्रकार) फाईल करता आली तर हे सगळं टळतं, पण ती गाडीत बहुधा चालत नाही. घरात स्वतःचा सर्व्हर असणाऱ्यांनी ऑडिओबुकशेल्फ हा प्रोग्राम बघावा. त्यात प्रत्येक पुस्तकाला मालिकेचं नाव आणि क्रमांक देता येतो, १.५ सुद्धा.

चौकस

बंगालीकडे वळू या.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश या गुप्तहेराच्या ३२ पूर्ण कथा आणि एक अपुरी. शरदिंदूंनी आधी 'पथेर काँटा' आणि 'सीमंत हीरा' लिहिल्या, आणि मग 'सत्यान्वेषी', ज्यात कथा सांगणाऱ्या अजितची ब्योमकेशशी पहिली गाठ पडते. म्हणजे वर सांगितलेल्या प्रकाशनक्रमाच्या नियमाला हा अपवाद. पहिली 'सत्यान्वेषी'च ऐका, खुद्द लेखकानेही तिलाच पहिली मानलं. त्यानंतर 'अर्थमनर्थम्' कुठे येते ते बघा. ब्योमकेशची पुढे बायको होणारी सत्यवती तिथे प्रथम भेटते. तिच्या आधी लग्न झालेला ब्योमकेश ऐकलात तर त्या कथेतली अर्धी गंमत जाते. 'विशुपाल वध' ही अपुरी, ती सर्वात शेवटी.

मधली जवळजवळ पंधरा वर्षं शरदिंदूंनी ब्योमकेश लिहिलाच नाही. ते मुंबईला चित्रपटांसाठी लिहीत होते. १९५२ पासून पुण्यात राहिले आणि १९७० मध्ये तिथेच वारले. पुन्हा लिहू लागले तेव्हाची पहिली कथा 'चित्रचोर'. तिथून ब्योमकेश संसारी माणूस होतो आणि कथाही लांबतात. शेवटच्या काही कथांत अजित निवेदक उरत नाही. ऐकताना 'मी' म्हणणारा आवाज गेला की कळतंच.

सत्यजित राय यांच्या फेलुदा या गुप्तहेराच्या ३५ कथा, सुरुवात १९६५ ची. बहुतेक सुट्या. दोन गोष्टी सांभाळा. फेलुदाचा लेखक-मित्र जटायू 'सोनार केल्ला'मध्ये (१९७१) आगगाडीत पहिल्यांदा भेटतो. ज्या कथेत तो आधीपासून बरोबर आहे ती त्यानंतरच. आणि मगनलाल मेघराज या खलनायकाच्या तीन कथा याच क्रमाने: 'जय बाबा फेलुनाथ', 'जतो कांडो काठमांडूते', 'गोलापी मुक्ता रहस्य'. दुसऱ्यांदा तो समोर येतो तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केलं होतं हे आठवत असलं तरच पोटात गोळा येतो. आपल्याकडचे लोक 'कैलासे केलेंकारी' (वेरूळ) आणि 'बोम्बाइयेर बोम्बेटे' (मुंबई) आधी उचलतात. चालेल, पण 'सोनार केल्ला'नंतर.

बंगाली कळत असेल तर रेडिओ मिर्चीचं 'संडे सस्पेन्स' आहेच. ते नाट्यरूपांतर आहे, वाचन नव्हे. काटछाट असते आणि प्रसारणाचा क्रम मूळ क्रमाशी जुळत नाही.

निळी शाई

हा मुद्दा इंग्रजीलाही लागू. बीबीसी रेडिओ ४ ने क्लाइव्ह मेरिसनला होम्स करून १९८९ ते १९९८ मध्ये साऱ्या ६० कथा-कादंबऱ्या नाट्यरूपात केल्या. सुरेख आहेत. पण आधी मूळ वाचन ऐका, मग हे. दोन तासांच्या आत कादंबरी संपत असेल तर ते नाट्यरूप किंवा संक्षेप समजावं. पॉयरोची पूर्ण कादंबरी साधारण ६ ते ८ तासांची असते.

फोर्ट ते माहीम

मुंबईत घडणाऱ्या इंग्रजी मालिका ऐकणाऱ्यांसाठी. ॲपवर 'मलबार' शोधलं की दोन वेगळ्या लेखकांच्या मालिका एकत्र येतात आणि गोंधळ होतो.

सुजाता मॅसी यांची मालिका, नायिका वकील परवीन मिस्त्री: 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८), 'द सतापूर मूनस्टोन' (२०१९), 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१), 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस' (२०२३). पहिलं पुस्तक काही देशांत 'विडोज'च्या जागी 'मर्डर' शब्द घालून आलंय, पुस्तक तेच. क्रम सक्तीचा. पहिल्यात १९२१ आणि १९१६ अशी दोन साल आलटून पालटून येतात आणि परवीनच्या लग्नाची हकीकत तिथेच कळते. बाकी पुस्तकं ती हकीकत ठाऊक आहे असं धरून चालतात. सतापूरला, म्हणजे सह्याद्रीतल्या काल्पनिक संस्थानात, भेटलेला एक इंग्रज पुढेही येतो. ऐकताना प्रकरणाच्या सुरुवातीला सांगितलेलं साल सोडू नका. तेवढं एक वाक्य निसटलं की दहा मिनिटं कशाचा कशाला पत्ता लागत नाही. परवीनमागे ज्यांची प्रेरणा आहे त्यांपैकी वकील कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकच्या जन्माच्या (१८६६).

वसीम खान यांची दुसरी मालिका, नायिका पोलीस इन्स्पेक्टर पर्सिस वाडिया: 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (२०२०), मग 'द डाइंग डे', 'द लॉस्ट मॅन ऑफ बॉम्बे', 'डेथ ऑफ अ लेसर गॉड', 'सिटी ऑफ डिस्ट्रक्शन'. १९४९ च्या शेवटच्या रात्री सुरू होते. त्यांचीच इन्स्पेक्टर चोप्रा मालिका (२०१५ पासून) आजच्या मुंबईतली, हत्तीच्या पिल्लासकट, आणि स्वभावाने हलकीफुलकी. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, मिसळू नका.

रातकिडा

अनुवादित मालिकांत प्रकाशनक्रम म्हणजे मूळ भाषेतला, हे कानसेन यांनी वर म्हटलंच आहे. उदाहरण म्हणून यू नेस्बोचा पोलीस नायक हॅरी होल. नॉर्वेजियनमध्ये 'द बॅट' पहिलं (१९९७), 'कॉक्रोचेस' दुसरं (१९९८), आणि पुढे 'द रेडब्रेस्ट', 'नेमेसिस', 'द डेव्हिल्स स्टार' हे सलग तीन. इंग्रजीत आधी आलं पाचवं, २००५ मध्ये. मग तिसरं, मग चौथं. पहिली दोन तर २०१२-१३ मध्ये. तिसऱ्या पुस्तकात घडलेली एक गोष्ट पाचव्यापर्यंत लोंबकळत राहते, त्यामुळे इंग्रजी तारखांनुसार ऐकणाऱ्याला उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून मिळतो. ३-४-५ हा क्रम मोडायचा नाही. पहिली दोन मागाहून ऐकली तरी फारसं अडत नाही, ती जरा कच्चीच आहेत. आणि हे 'नेमेसिस' मार्पलचं नव्हे, लेखकाचं नाव बघून घ्या.

जपानी लेखक हिगाशिनोची गॅलिलिओ मालिकाही तशीच. इंग्रजीत पहिलं आलेलं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' जपानीत तिसरं. मात्र तिथे काही बिघडत नाही. आधीची दोन कथासंग्रह आहेत.

बेकर गल्ली

धोक्याच्या जातीचं सगळ्यात चांगलं उदाहरण राहिलंच. लुईझ पेनी यांचा पोलीस अधिकारी गमाश, कॅनडातल्या क्युबेकमधला. सुरुवात 'स्टिल लाइफ' (२००५). पाचवं 'द ब्रूटल टेलिंग' (२००९) आणि सहावं 'बरी युअर डेड' (२०१०) ही जोडी फोडायची नाही. पाचव्यात संपलेला खटला सहाव्यात पुन्हा उघडला जातो. सहावं आधी ऐकलं तर पाचवं वाया. शिवाय पोलीस खात्यातलं एक सूत्र नवव्या 'हाउ द लाइट गेट्स इन'पर्यंत ताणलेलं आहे. दुसरं 'अ फेटल ग्रेस' हे 'डेड कोल्ड' नावानेही मिळतं, चौथं 'अ रूल अगेन्स्ट मर्डर' हे 'द मर्डर स्टोन' नावाने.

पहिली दहा पुस्तकं राल्फ कॉशम यांनी वाचली. २०१४ मध्ये ते वारले, अकराव्यापासून रॉबर्ट बॅथर्स्ट आले. इतके तास एक आवाज ऐकल्यावर गमाशच परका वाटू लागतो. अकरावं लगेच सुरू न करता मध्ये दुसरी एखादी मालिका ऐकावी, मग नवा आवाज कमी खटकतो.

निळी शाई

मराठीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच, तेव्हापासून मराठी रहस्यकथा कानांनी ऐकणं सोपं झालं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, हे सगळे पहिल्या जातीतले. खटले सुटे, मिळेल ते ऐकावं. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, तिथे क्रम लावायला बसलं तर ऐकणं राहूनच जाईल. शोधताना पुस्तकाच्या नावाऐवजी नायकाचं नाव टाका, जास्त हाती लागतं.

पाटीपेन्सिल

शेवटची शंका. रॉबर्ट गॅलब्रेथची (म्हणजे जे. के. रोलिंगची) स्ट्राइक या खाजगी गुप्तहेराची मालिका क्रमानेच ना? आणि सहाव्या भागात ऐकताना काहीच उमजत नाही अशी तक्रार दिसते, ती काय भानगड आहे?

कानसेन

क्रमानेच, सवालच नाही. 'द ककूज कॉलिंग' (२०१३) पासून. चौथं 'लेथल व्हाइट' तर तिसरं जिथे संपतं त्याच समारंभात सुरू होतं. आवाज रॉबर्ट ग्लेनिस्टर यांचा. पाचवं 'ट्रबल्ड ब्लड' सुमारे ३२ तासांचं आहे, तयारीने बसा.

सहावं 'द इंक ब्लॅक हार्ट' (२०२२). त्यात संगणकावरच्या खाजगी गप्पा आहेत आणि छापील पुस्तकात दोन-तीन गप्पा शेजारी शेजारी स्तंभांत छापल्या आहेत. डोळ्यांना दिसतं की हे एकाच वेळी चाललंय. ऐकताना त्या एकामागून एक येतात, आणि टोपणनावांमुळे कोण कुणाशी बोलतंय ते सुटतं. वेग वाढवून ऐकत असाल तर त्या भागापुरता तो १ वर आणा, टोपणनावं कागदावर उतरवून ठेवा, आणि वाचनालयातून छापील प्रत मिळाली तर तेवढी पानं डोळ्यांनी वाचा. हे पुस्तक पहिल्यांदा गाडी चालवताना ऐकू नका.